मुंगीच्या दोन गोष्टी

वाचकहो, इसापनीतींतील मुंगीची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती मुलांस तोंडपाठ असते, आणि आळशी मनुष्यास दोन शब्द सांगावयाचे झाले म्हणजे आपणही तिचाच आधार घेतों. ही गोष्ट अगदीं सोपी आहे असें आम्हांसही पुष्कळ वर्षें वाटत होतें. परंतु अविचारानें सांगितली तर ती गरिबाच्या अंगावर दगडासारखी पडते, हें आम्ही एका विधवा बाईपासून शिकलों. तोच धडा आज वाचकांपुढें, व विशेषेंकरून गांवोगांवीं वर्ग चालविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंपुढें, ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम या गोष्टी आल्या कोठून तें पाहूं. इसाप हा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत होऊन गेला असें मानितात. त्याच्या मागून शंभर-सवाशें वर्षांनीं हेरोडोटस नांवाच्या ग्रीक इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे कीं, इसाप हा सामोस बेटावरील यादमोन नामक गृहस्थाचा गुलाम होता. त्याच्या हातचें एकही पान उरलेलें नाहीं; लोकांनीं त्याच्या गोष्टी तोंडीं राखिल्या. ज्ञानी सॉक्रेटिस ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें तुरुंगांत मरणाची वाट पाहत असतां इसापाच्या गोष्टी पद्यांत गुंफीत होता, असें त्याचा शिष्य प्लेटो सांगतो. पुढें रोमी लोकांत फेद्रस नांवाच्या कवीनें त्या लॅटिन पद्यांत आणिल्या. हा फेद्रसही दास्यांतून मुक्त झालेला मनुष्य होता. तो म्हणतो कीं, गुलामास मनांतलें उघड बोलण्याची छाती होत नसे, म्हणून त्यानें तें पशुपक्ष्यांच्या तोंडीं घातलें.

मार्टिन ल्यूथर यानें इ. स. १५३० मध्यें कोबुर्गच्या किल्ल्यांत राहत असतां या गोष्टी साध्या जर्मन भाषेंत आणावयास घेतल्या होत्या. आपल्या मराठींतही त्या फार जुन्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयानें त्या मराठींत छापल्या गेल्या, व मुंबईस इ. स. १८२८ मध्यें सदाशिव काशिनाथ छत्रे यांचें भाषांतर निघालें. तेव्हांपासून त्या आमच्या घरच्याच झाल्या आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. गोष्टीच्या शेवटीं जें ‘तात्पर्य’ छापलेलें असतें, तें बहुतेक ठिकाणीं मागाहून संग्रह करणाऱ्यांनीं जोडलेलें आहे. म्हणून तात्पर्य वाचून पुस्तक मिटलें म्हणजे गोष्ट समजली, असें मानूं नये.

आतां पहिली गोष्ट. आपल्या पुस्तकांत मुंगीजवळ टोळ येतो. मूळ ग्रीक गोष्टींत टोळ नसून, ऊन तापलें म्हणजे झाडावर बसून एकसारखा सूर काढणारा किडा आहे. ग्रीस देशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. उन्हाळा कोरडा असतो, व गहू आणि जव यांची कापणी त्याच्या आरंभीं होते. म्हणून आपल्याकडे जसे आषाढ-श्रावणाचे दिवस, तसा तिकडे हिवाळा हा तंगीचा काळ. अशा एका हिवाळ्यांत मुंग्या आपलें भिजलेलें धान्य बाहेर काढून वाळवीत होत्या. तो गाणारा किडा भुकेनें व्याकूळ होऊन त्यांजकडे आला व चार दाणे मागूं लागला. मुंग्यांनीं विचारिलें, उन्हाळ्यांत तूं सांठा कां केला नाहींस? तो म्हणाला, मला सवड नव्हती; मी गात होतों. तेव्हां मुंग्या हसल्या व म्हणाल्या, उन्हाळ्यांत गात होतास, तर आतां हिवाळ्यांत नाच.

आम्हीं एका गांवीं सायंकाळच्या वर्गांत ही गोष्ट मोठ्या रंगानें सांगितली. शेवटचें वाक्य ऐकून मुलें खदखदां हसलीं. आम्हीं वर तात्पर्य जोडिलें कीं, आळस करूं नये, आणि संतोषानें घरीं गेलों. पुढें पावसाळ्यांत त्याच गांवची एक विधवा बाई एका घरीं पायलीभर ज्वारी उसनी मागावयास गेली. तिचा नवरा सारा हंगामभर अंथरुणास खिळून होता, व पेरणीच्या तोंडावर वारला होता. ती दाराशीं उभी असतां त्या घरच्या दहा वर्षांच्या मुलानें आंतून विचारिलें, “उन्हाळ्यांत गाणीं गात होतीस काय?” घरची माणसें हसलीं. बाई रिकाम्या पदरानें परत फिरली. तिनें हें आम्हांस सांगितलें तें गाऱ्हाणें म्हणून नव्हे. ती एवढेंच म्हणाली, “पाळकसाहेब, तुमची गोष्ट चांगली आहे, पण ती माझी नव्हती.”

त्या मुलास आम्ही दोष देऊं शकलों नाहीं. तो आमचाच पाठ म्हणून दाखवीत होता.

फ्रेंच ग्रंथकार रूसो यानें इ. स. १७६२ मध्यें शिक्षणाविषयीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत या गोष्टीविषयीं असाच इशारा दिलेला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, शिक्षकास वाटतें मूल गाणाऱ्या किड्यापासून धडा घेईल. पण मूल मुंगी होऊं पाहतें, कारण गोष्टींत जय तिचा होतो. असें तें नाहीं म्हणावयास शिकतें, आणि नाहीं म्हणतांना हसावयासही शिकतें. हें वाक्य आम्हीं पूर्वीं वाचिलें होतें; त्याचा अर्थ मात्र त्या पावसाळ्यांत कळला.

मग ही गोष्ट सांगूंच नये काय? तसें नाहीं. उद्योग हा चांगलाच आहे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत आळशास मुंगीकडेच पाठविलें आहे. पण गरिबाच्या हांकेला कान बंद करणाऱ्यासही तोच ग्रंथ एकविसाव्या अध्यायांत कडक ताकीद देतो. ज्यानें एक अध्याय शिकविला त्यानें दुसराही शिकविला पाहिजे. इसापाच्या गोष्टींतही असेंच आहे, कारण त्यांत मुंगीची आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्या पुस्तकांत क्वचित् आढळते.

ती अशी. आज जी मुंगी आहे ती पूर्वीं मनुष्य होती. हा मनुष्य शेतकरी होता, पण स्वतःच्या कष्टाच्या पिकावर त्याचें समाधान होईना. त्याचा डोळा सदा शेजाऱ्याच्या खळ्यावर असे, व तो त्यांचें धान्य चोरून आणी. त्याचा हा लोभ पाहून ग्रीक लोकांच्या कथांतील मुख्य देव झ्यूस रागावला व त्यानें त्यास मुंगी केलें. देह पालटला, पण स्वभाव पालटला नाहीं. अजूनही ती शेतांतून फिरते, दुसऱ्यांनीं पिकविलेला गहू व जव वेंचते, आणि आपल्यासाठीं सांठवून ठेवते.

वाचकहो, या दोन गोष्टी जवळ जवळ ठेवून पाहा. पहिल्या गोष्टींत मुंगी उद्योगी आहे, दुसरींत ती चोर आहे. आणि दोन्हींत ती करते काय? दाणा उचलते व बिळांत नेते. पाहणाऱ्यास दोहोंत कांहींच भेद दिसत नाहीं. उद्योग व लोभ यांचें बाहेरील रूप असेंच एकसारखें असतें. दोघेही पहांटे उठतात, दोघेही काटकसर करितात, दोघांचींही कणगी भरलेली असते. कोणी उपाशी मनुष्य दारीं आला म्हणजे मात्र कणगी कोणाची, उद्योग्याची कीं लोभ्याची, हें उघड होतें. पहिल्या गोष्टींतील मुंग्या त्या वेळीं हसल्या. त्या कष्टाळू होत्या यांत शंका नाहीं. पण त्या हसण्यांत दुसऱ्या गोष्टींतील शेतकरी जागा झाला होता.

आणखी एक विचार आहे. गोष्ट ऐकतांना आपण नेहमीं चांगल्या बाजूस बसतों. लांडगा व कोकरूं यांची गोष्ट असली तर आपण कोकरूं होतों. मुंगीची असली तर मुंगी. दावीद राजानेंही नाथानाच्या तोंडून गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट ऐकली तेव्हां तो न्यायाधीशाच्या जागीं बसला होता. अपराधी आपणच आहों हें त्यास मागाहून कळलें. गुलामांनीं राखिलेल्या या गोष्टी धन्यास लाज वाटावी म्हणून पुष्कळदां सांगितलेल्या असतील. त्याच गोष्टी आपण दुर्बळास लाजविण्याकरितां वापरल्या, तर इसापाच्या तोंडचा शब्द काढून आपण तो यादमोनाच्या हातीं दिला असें होईल.

आमच्या उपदेशक बंधूंस आम्ही अनुभवानें तीन सूचना करितों. गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य लगेच सांगूं नये. थोडा वेळ गप्प बसावें व ऐकणारांस बोलूं द्यावें. प्रत्येकास दोन्ही जागीं उभें करावें: एकदां कणगीजवळ, एकदां दाराबाहेर. आणि वर्गांत त्या गोष्टीमुळें कोणाची मान खालीं जाईल कीं काय, याचा विचार घरून निघण्यापूर्वींच करावा.

आम्ही त्या गांवीं पुन्हां गेलों, व त्याच वर्गांत, ती बाई हजर नव्हती अशा वेळीं, दुसरी गोष्ट सांगितली. आमचीही चूक झाली होती हें सर्वांदेखत कबूल केलें. या वेळीं कोणी हसलें नाहीं. तो मुलगा बराच वेळ खालीं पाहत होता. मग त्यानें विचारिलें, “तर मग मुंगीनें काय करावें?” आम्ही उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत मागें भिंतीशीं बसलेली त्याची आजी म्हणाली, “आधीं दाणे द्यावे, बाळा. बोलायचें तें मागून.” याहून चांगलें तात्पर्य आम्हांस अद्यापि सुचलें नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ग्रीस देशांत हिवाळा हा तंगीचा काळ कां असे? आपल्या गांवीं असा काळ कोणता?

२. गाणाऱ्या किड्यानें सांठा केला नाहीं, व त्या बाईच्या घरींही सांठा नव्हता. दोघांत भेद काय होता, आणि तो विचारल्यावांचून कळला असता काय?

३. गेल्या वर्षांत आपण कोणत्या दिवशीं दाराबाहेर उभे होतों, व कोणत्या दिवशीं कणगीजवळ? हा प्रश्न वर्गांत विचारूं नये; ज्यानें त्यानें घरीं विचार करावा.