एक हेडसेट आणि घरभराची कामं

म्हसळ्यात घरात एखादी वस्तू आली की ती एकट्याची राहत नाही. आमच्याकडे गेमिंगचा वायरलेस हेडसेट मागवला पुतण्याने, बीजीएमआय खेळायला. पण तो आल्याबरोबर प्रत्येकाला त्यात आपापलं काम दिसायला लागलं. मी घरून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, मला मीटिंगसाठी हवा होता. भाऊ दोह्याला असतो, आईला त्याच्याशी बोलायला हवा होता. वडिलांना ऐकू कमी येतं. त्यांच्यासाठी रात्री टीव्हीचा आवाज मोठा ठेवला की शेजारपाजारच्यांची झोप मोडते, म्हणून त्यांनाही हवा. खोक्यावर ही सगळी कामं होतात असंच छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्याने एक काम उत्तम केलं, दोन कशीबशी केली आणि एक केलंच नाही. असं का झालं, हे समजून घेताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. गावात बरीच मुलं आता असे हेडसेट मागवतात आणि इथून परत पाठवणं किती जिकिरीचं असतं, हे आपल्याला माहीत आहे.

वायरलेस म्हटलं तरी या हेडसेटमध्ये आवाजाला दोन वाटा असतात. एक यूएसबी डोंगलची, २.४ गिगाहर्ट्झची. दुसरी ब्लूटूथची. खोक्यावर दोन्हींची नावं शेजारी शेजारी असतात, म्हणून त्या सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत. डोंगलवरून आवाज साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत कानात पोचतो. नेहमीच्या ब्लूटूथवर त्याला १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, कधी त्याहून जास्त. यूट्यूबवर सिनेमा बघताना हा उशीर जाणवत नाही, कारण ॲप तेवढं चित्रच मागे ठेवतं. गेममध्ये ती सोय नाही. बोट दाबल्या क्षणी गोळी सुटायला हवी, त्यामुळे चित्र थांबवता येत नाही आणि आवाज मागून येतो. शत्रूच्या पावलांची चाहूल लागेपर्यंत तो दारात आलेला असतो. पुतण्या सुरुवातीला ब्लूटूथवरच खेळायचा आणि हेडसेट फालतू आहे म्हणायचा. डोंगल लावल्यावर तोच हेडसेट त्याला आवडला. म्हणून कुठलंही काम तपासताना पहिला प्रश्न हा विचारावा की या कामाला आवाज कुठल्या वाटेने येणार आहे.

माझ्या मीटिंगची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. लॅपटॉपला ब्लूटूथने हेडसेट जोडला, गाणं लावलं, आवाज भरदार आला. मीटिंग सुरू झाली आणि तोच आवाज एकदम चपटा झाला. सहकाऱ्यांनाही माझं बोलणं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. वस्तू बिघडलेली नव्हती. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणी ऐकायची पद्धत वेगळी आणि फोनवर बोलायची वेगळी. गाण्याच्या पद्धतीत दोन्ही कानांना चांगला आवाज मिळतो, पण माईक चालत नाही. माईक सुरू झाला की हेडसेट बोलायच्या पद्धतीवर जातो. तिथे दोन्ही कानांना एकच आवाज येतो, आणि तोही सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० नमुन्यांचा. सीडीवरच्या गाण्याला हेच नमुने ४४,१०० असतात. हेडसेट कितीही महागाचा घेतला तरी जुन्या ब्लूटूथची ही मर्यादा सुटत नाही. ब्लूटूथच्या ५.२ आवृत्तीपासून आलेल्या एलई ऑडिओत यावर उपाय आहे, पण तो हेडसेट आणि लॅपटॉप किंवा फोन, दोन्हीकडे असावा लागतो.

तोवर दोन मार्ग आहेत. मीटिंगसाठी डोंगल वापरा, किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचाच माईक निवडा आणि हेडसेट फक्त ऐकायला ठेवा. दुसऱ्या मार्गाला दमडी लागत नाही. एवढं करून माझ्या मीटिंगा सुरळीत झाल्या.

डोंगलचीही एक खोड आहे. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमधून, म्हणजे बहुतेक वेळा जे आतून निळं असतं त्यातून, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलं होतं. त्याच पट्ट्यात घरचा वायफायही असतो. आवाज तुटक येत असेल तर डोंगल हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरवर लावून लॅपटॉपपासून दूर ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फोनला डोंगल लावायचं तर ते टाइप-सी आहे का ते आधी बघा. काही हेडसेटसोबत फक्त मोठ्या यूएसबीचं डोंगल येतं, मग ओटीजी जोड लागते. आणि ते चार्जिंगच्याच भोकात बसतं. म्हणजे खेळताना फोन चार्ज होत नाही. मुलगा तासन् तास खेळणारा असेल तर हे सोय-गैरसोयीच्या पलीकडचं आहे, खेळच थांबतो.

आता त्या खोक्यावरच्या ‘नॉइज कॅन्सलेशन’ या शब्दांविषयी. आमच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत. जुलैत पाऊस पत्र्यावर उतरला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. हेडसेट घातल्यावर तो आवाज बंद होईल अशी आमची समजूत होती. झाला नाही. मग बारीक अक्षरं वाचली. त्यात ईएनसी लिहिलं होतं, एएनसी नाही. ईएनसी माईकसाठी असतं. आपल्याभोवतीचा गलका समोरच्या माणसापर्यंत कमी जावा म्हणून. आपल्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करतं ते एएनसी. गेमिंगच्या स्वस्त हेडसेटमध्ये बहुधा पहिलंच असतं, पण जाहिरातीत दोन्हींना एकच नाव देतात. आमच्या माईकचं ईएनसी मात्र चांगलं निघालं. पत्र्याखाली बसून बोललो तरी दोह्यात भावाला पाऊस पुसटसाच ऐकू यायचा. ही परीक्षा घ्यायला फोनचं रेकॉर्डर पुरे. घरातल्या सगळ्यात गोंगाटाच्या जागी बसून मिनिटभर बोला आणि मग ते शांत खोलीत ऐका.

आईच्या बोलण्यातून वेगळीच अडचण पुढे आली. कान पूर्ण झाकले की स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत ओरडून बोलायला लागतो. आई ओसरीवरून बोलली की समोरच्या घराला भावाच्या पगारापर्यंत सगळं कळायचं. काही हेडसेटमध्ये आपलाच आवाज थोडा कानात सोडायची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर ही सोय आहे का ते बघून घ्या. नसेल तर एक कान उघडा ठेवून बोलायची सवय लावा.

वडिलांचा टीव्ही हेच ते न जमलेलं काम. टीव्हीला यूएसबीचं भोक असतं म्हणून डोंगल चालेल असं वाटतं. पण अनेक टीव्हींचं ते भोक पेनड्राइव्हसाठीच असतं, त्यातून आवाज बाहेर जातच नाही. ब्लूटूथ असलेल्या टीव्हीला हेडसेट जोडता येतो, मात्र ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा उशीर कमी-जास्त करायची सोय शोधावी लागते. आमच्या टीव्हीत ब्लूटूथही नव्हतं. शेवटी हेडफोनच्या भोकातून लांब वायर टाकली आणि वडिलांचं कीर्तन सुरू झालं.

त्या वायरमुळेच एक गोष्ट ठामपणे सांगतो. ३.५ मिलिमीटरच्या वायरचं भोक नसलेला वायरलेस हेडसेट कोकणात घेऊ नका. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळा भागात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा किती दिवस अंधारात काढले ते कोणी विसरलेलं नाही. एरवीही पावसाळ्यात दुपारी लाईट जाते आणि नेमकी तेव्हाच परीक्षा किंवा मुलाखत असते. वायरवर बरेच हेडसेट चार्जिंग नसतानाही चालतात, पण सगळे नाहीत, आणि काहींचा माईक वायरवर बंद पडतो. बॅटरी बंद ठेवून हे एकदा तपासाच. बॅटरीचे तास खोक्यावर लिहितात ते मध्यम आवाजाचे आणि बहुधा रंगीत दिवे बंद असतानाचे. दिवे लावले की तास झपाट्याने उतरतात.

आपली दमट हवा कानावरच्या कुशनांची वैरी आहे. चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन या हवेत सुटतं, पापुद्रे निघतात आणि काळे कण कानाला चिकटतात. कापडी कुशनं टिकतात, पण घाम पितात, पावसाळ्यात त्यांना वास येतो आणि बुरशीही धरते. मला कापडी बरी वाटतात, धुता येतात म्हणून; पण निघणारी असतील तरच. सुटी कुशनं मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारा. घरात चष्मा लावणारं कोणी असेल तर त्याला सलग तासभर हेडसेट घालायला लावा. काडीवर दाब येऊन कानशील दुखतं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

७.१ सराउंडचं बटण गेमपुरतंच ठेवा. कान दोनच, स्पीकरही दोनच. बाकीचा भास आहे. गाण्याला आणि बोलण्याला त्याने पोकळपणा येतो.

मुलांच्या कानांची मला खरोखर काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणं ठीक आहे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. गेममध्ये पावलं ऐकू यावीत म्हणून मुलं आवाज वाढवतात आणि मग त्याच आवाजात स्फोट ऐकतात. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती घरातल्या मोठ्यांनी लावून द्यावी. खेळून झाल्यावर कानात गुंई वाजत असेल तर आवाज जास्त होता हे नक्की. आणि घोणसे घाटातून दुचाकीवर जाताना हा हेडसेट कोणीही डोक्यावर चढवू नये. मागच्या एसटीचा हॉर्न त्यात ऐकू येत नाही.

आमच्या हेडसेटचा माईक पुढे खरखरायला लागला तेव्हा विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचं सांगितलं आणि दुरुस्तीसाठी मुंबईचा पत्ता दिला. म्हणून पार्सल फोडताना व्हिडिओ करा, बिल जपा, खोकं टाकू नका. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, ग्राहकसेवेचा नंबर आणि उत्पादनाचा देश खोक्यावर छापलेला नसेल तर ती वस्तू घेऊच नका. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

माझा कौल असा आहे. फक्त अभ्यास, मीटिंग आणि फोनवर बोलणं एवढंच काम असेल तर गेमिंगचा हेडसेट घेऊ नका. वायरचा साधा, माईकवाला हेडसेट कमी पैशांत ते काम अधिक चोख करतो. घरात गेम खेळणारं कोणी असेल तर घ्या, पण डोंगल, ब्लूटूथ आणि ३.५ मिलिमीटरची वायर या तिन्ही वाटा असलेलाच घ्या. आणि परतीची मुदत संपायच्या आत घरातल्या प्रत्येकाला आपापल्या कामासाठी तो एकदा वापरायला लावा.