विमान तासाचं, पोट सात तासांचं

अगं, तिकीट काढलंस, आईला खिडकीची जागा धरलीस, सगळं छान केलंस. पण काल फोनवर तू म्हणालीस ना, "आक्का, तासाभराचं तर विमान, खायचं कशाला न्यायचं? देतील की काहीतरी," ते काही माझ्या मनातून जाईना. बाबा शेजारी असले की 'एवढं काय त्यात' म्हणून विषय मिटवतात, म्हणून आज तुझ्याशी एकटीशी बोलते.

तास विमानाचा आहे, आईच्या पोटाचा नाही. समज, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान सकाळी दहाचं आहे. म्हणजे निपाणीतून सहाला गाडी निघायला हवी. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती, मग बेळगाव पार करून सांबरा. वाटेत ट्रक आडवे आले नाहीत तर आठपर्यंत पोचाल. बॅगा द्यायचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, त्यामुळे त्याहून फार उशीर चालणार नाही. पुढे तपासणी, बसणं, वाट बघणं. अकरा-सव्वाअकराला बेंगळूरच्या विमानतळावर, देवनहळ्ळीला उतरलात की बॅगांसाठी थांबायचं, आणि तिथून माझ्या घरापर्यंत बेंगळूरचं सगळं ट्रॅफिक अंगावर घ्यायचं. एक वाजतो बघ. सहा ते एक, सात तास! साखरेची गोळी घेणाऱ्या बाईनं एवढा वेळ एका बिस्किटावर काढायचा?

आणि 'देतील' म्हणतीस, तर आता बहुतेक ठिकाणी देत नाहीत, विकतात. पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या विमानात चढलं की ताटलीतून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरायचा, मागोमाग खाण्याचा ट्रे. ते सगळं तिकिटात धरलेलं असायचं, आणि ते तिकीट आपल्यासारख्यांना परवडायचं नाही. 2003 साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. हासन जिल्ह्यातल्या गोरूरचा हा माणूस, आधी लष्करात आणि मग शेतीत. त्यांनी तिकीट स्वस्त केलं आणि खाणं तिकिटातून बाहेर काढलं. 2006 मध्ये इंडिगो आली तीही त्याच वाटेनं. मग छोट्या शहरांना विमानानं जोडणारी सरकारची 'उडान' योजना आली. तिच्या पहिल्या दिवशी, 27 एप्रिल 2017 ला, जी थोडी विमानं उडाली त्यांत आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारंही होतं. त्या योजनेत तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी 2,500 रुपयांची मर्यादा घातली होती. आपल्याच भागातल्या घोडावतांची स्टार एअर 2019 मध्ये सुरू झाली, तीही छोट्या शहरांना जोडण्यासाठीच. सांबऱ्याची धावपट्टी 1942 ची, इंग्रजांच्या हवाईदलाची. तिथं आपली आई बॅग घेऊन उभी राहील हे या स्वस्त तिकिटांमुळे झालं. म्हणून खाणं विकत मिळतं याचा मला राग नाही. फक्त ते आधी माहीत असावं, एवढंच. काही कंपन्या थोडंफार देतातही, तेव्हा तुझ्या तिकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचून घे.

आता वरती काय होतं ते ऐक, म्हणजे तिथं गेल्यावर तुझी चिडचिड होणार नाही. पंख्याचं एटीआर विमान असेल तर त्यात 78 माणसं आणि त्यांच्यासाठी दोन मुली. नियमच तसा आहे, 50 आसनांमागे किमान एक. विमान उडालं की वर जाईपर्यंत पट्ट्याचा दिवा लागलेला, त्या मुलीही बसलेल्या. उतरायच्या वीसेक मिनिटं आधी पुन्हा सगळं आवरून, खाण्याची ढकलगाडी कुलूपबंद करून, प्रत्येकाचा पट्टा बघायचा. मधे राहतात पंचवीस-तीस मिनिटं. तेवढ्यात आधी पैसे भरलेल्यांची पाकिटं वाटायची, मग उरलेल्यांना विचारायचं, कार्डाचं मशीन चालवायचं, सुट्टे शोधायचे, आणि लगेच कचऱ्याची पिशवी घेऊन परत फिरायचं. एकदा मी त्या मागच्या कोपऱ्याशेजारीच बसले होते. एक मुलगी डाव्या हातानं गाडी धरून, गुडघ्यानं तिचा ब्रेक दाबून, उजव्या हातानं कपात पाणी ओतत होती. विमान हलत होतं, पण तिचा हात हलला नाही. पावसाळ्यात ढगांतून धक्के बसायला लागले की गरम काही देणं बंदच करतात आणि ते बरोबरच आहे. कुणाच्या मांडीवर उकळतं पाणी सांडलं तर त्या उंचीवर डॉक्टर कुठून आणायचा? तेव्हा तुमच्या रांगेपर्यंत गाडी आलीच नाही तर त्या मुलीवर डाफरू नकोस. तीही आपल्यासारख्याच कुठल्यातरी गावची, पहाटे तीनला उठून आलेली असते.

तुला घ्यायचंच असेल तर तिकिटाबरोबर आधी नोंदवून ठेव. बहुतेकदा थोडं स्वस्त पडतं आणि नक्की मिळतं. पण आईसाठी माझं ऐक, घरचंच ने.

दशम्या कर. पीठ दुधात मळ, पाण्यात नको, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहतात. शेंगाची चटणी वेगळ्या डबीत भरू नकोस. ती घरीच तेलात कालवून दशमीला आतून लाव आणि गुंडाळी कर. कारण हातातल्या पिशवीत तिखटाची पुडी चालत नाही, आणि तपासणीला बसलेल्या माणसाला चटणी आणि तिखट यांतला फरक सांगत बसायला तुला वेळ नसेल. लोणच्याची बरणीही हातात नको. गुंडाळ्या छोट्या कर, दोन घासांत संपतील अशा, म्हणजे समोरची फळी न उघडताही खाता येतील. कांदा घालू नकोस, आणि सुक्या मासळीचं तर नावच काढू नकोस. बंद जागेत वास कोंडतो आणि शेजारच्याला उठून जाता येत नाही.

आणि सुकं खोबरं! आई माझ्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधणार, मला माहीत आहे. त्या निपाणीतच ठेवायला लाव. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. तिथं काढून घेतलं की आईचा दिवसभर जीव हळहळत राहील. कुंदा मात्र आण. बेळगावहून येऊन कुंदा आणला नाही तर इथली पोरं मला विचारतील.

चव लागली नाही म्हणून आई कुरकुरेल, तेव्हा तिला समजावून सांग. विमानातली हवा कोरडी असते, दाब कमी असतो, आणि पंख्यांचा आवाज सतत कानात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं 2010 च्या सुमारास लुफ्तान्झासाठी अभ्यास केला होता. विमानासारख्या हवेत माणसाला मीठ आणि साखर दोन्ही कमी जाणवतात असं त्यात दिसलं. म्हणूनच विकतच्या पाकिटांतला शिरा-उपमा वरती सपक लागतो. लसणाची शेंगाचटणी तिथंही बोलते, हा माझा अनुभव.

चहाचं सांगते. घरी निघताना एक, सांबऱ्यावर पोचल्यावर एक, आणि वर दिसला म्हणून तिसरा, असं आईला करू देऊ नकोस. छोट्या विमानात संडास एकच असतो, मागच्या टोकाला, आणि पट्ट्याचा दिवा लागलेला असताना उठता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या अरुंद वाटेतून दोनदा नेणं तुला जमायचं नाही. शिवाय वरच्या हवेत पाणी 92-93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे पत्तीला रंग चढत नाही. तसल्या पाण्याचे शंभर-दीडशे रुपये मोजले की आई बेंगळूर येईपर्यंत तेच बोलत बसेल. विमानतळावरचा चहा तरी स्वस्त मिळावा म्हणून लोकांनी बरीच ओरड केली, संसदेतही प्रश्न निघाला. मग डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याला 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. तिथं चहा 10 रुपये, पाण्याची बाटली 10 रुपये, समोसा 20. जिथं असं काउंटर दिसेल तिथं आधी तिकडे वळ.

सोड्याची बाटली मात्र आईला देऊ नकोस. वरती दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, सकाळीच रिकाम्या पोटी सोडा प्यायलं की आणखीच. तुझ्या पिशवीतलं चिवड्याचं पाकीट टम्म फुगलेलं दिसेल ना, तसंच आत होतं. दह्याचा कप उघडायचा झाला तर तोंड बाजूला कर, पत्रा उचलला की थेंब उडतात. उतरताना कान दडपले की चघळायला बडीशेप दे.

पाणी मागायला लाजू नका. प्यायचं पाणी फुकट मिळतं, हे आईला विमानात बसायच्या आधीच सांग. नाहीतर गाडीवर बाटल्या दिसल्या की ती तहानलेलीच बसेल आणि विचारलंस तर म्हणेल, "मला नकोच आहे." मला ठाऊक आहे ते 'नकोच आहे' काय असतं. हिंदी-इंग्रजी नीट येत नाही म्हणूनही ती गप्प बसेल. तेव्हा तूच हात वर कर आणि दोन पेले माग.

डब्याचीही तीच लाज. पुढच्या रांगेत कुणी लॅपटॉप उघडलेला, शेजारी कुणी कोटातला, आणि आपण कागदातून दशमी कशी काढायची? काढायची, सरळ काढायची. घरचं खाणं विमानात नेणं हा गुन्हा नाही, कुणी अडवत नाही. मी तर बघितलंय, आपण डबा उघडला की बाजूचे दोघंतिघं आपापल्या पिशव्या उघडतात. आईला पहिला घास तू देऊ नकोस, आधी तू खा. तुझं तोंड हललं की तिला संकोच वाटणार नाही.

आता साखरेचं, हे नीट ऐक. तिची सकाळची गोळी किती वाजता घ्यायची, त्यावर किती वेळात खायचं, हे आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. गोळी घेतली आणि खाणं लांबलं तर साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतं. विमान हललं म्हणून असेल असं समजून सोडून देऊ नकोस. साखरेच्या चार पुड्या तुझ्या पर्समध्ये ठेव, वर ठेवायच्या बॅगेत नको. लागलीच वेळ तर त्या पुड्या पाण्यात घालून दे, आणि डोक्यावरचं बटण दाबून त्या मुलीला बोलव, तिच्याकडे फळांचा रस असतो. कुंदा तेव्हा कामाचा नाही. दुधा-खव्याचा गोडवा रक्तात उतरायला वेळ लागतो. गोळ्या आणि इन्सुलिनही हातातच ठेवायचं, बॅगेत टाकायचं नाही.

तासाभराला काय खायचं, असं मोठ्या माणसांनाही वाटतं बरं का. करोनात 15 एप्रिल 2021 पासून सरकारनं दोन तासांच्या आतल्या विमानांत खाणं देणंच बंद केलं होतं, ते 16 नोव्हेंबरला पुन्हा सुरू झालं. मास्क काढायला लागू नये हे कारण तेव्हा रास्त होतं. पण दोन तासांची ती रेघ विमानाचं दार बंद झाल्यापासून मोजलेली. निपाणी-चिकोडीकडून दोन तास गाडीत बसून येणारं म्हातारं माणूस त्यात कुणी धरलंच नाही.

शेवटचं, आणि हे बाबांनाही सांग. कधीकधी कंपनीच्याच कारणानं विमान लांबतं. तुमच्यासारख्या, अडीच तासांच्या आतल्या प्रवासाला विमान दोन तास किंवा जास्त लांबणार असेल आणि तुम्ही वेळेत पोचलेले असाल, तर खाणं आणि चहापाणी कंपनीनं फुकट द्यायचं असतं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम आहे तो, कुणाची मेहेरबानी नाही. पण न मागता ते क्वचितच हातात पडतं. म्हणून घड्याळ बघ, काउंटरवर जा, बोर्डिंग पास दाखव आणि दोघींचं खाणं माग. टाळाटाळ केली तर तिथून हलू नकोस, आणि मला फोन लाव.