टाकाऊ राखेतून फरशी

आपल्याकडे चुलीतील राख सहसा वाया जात नसे. भांडी घासायला ती लागे, साठवणीच्या धान्यालाही लावीत. कुंभार मडक्याच्या मातीत राख व लीद मिसळतो. त्यामुळे चिकट माती वाळताना तडकत नाही. हीच जुनी युक्ती आता कारखानदारीच्या प्रमाणावर वापरण्याची गरज निर्माण झाली आहे; कारण आज राखेचे डोंगर वीजकेंद्रांजवळ साचत आहेत.

मंठ्याच्या दक्षिणेस, बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे १०० टन कोळसा जाळला की किमान ३० टन राख मागे उरते. धुराबरोबर वर जाणारा तिचा बारीक भाग यंत्राने अडवून गोळा करतात. यालाच ‘फ्लाय ॲश’ म्हणजे उडती राख म्हणतात.

भाजलेल्या फरशीस मुख्यतः तीन द्रव्ये लागतात: आकार धरणारी चिकणमाती, सांगाडा होणारी गारगोटी आणि वितळून कण सांधणारा फेल्डस्पार. उडत्या राखेत सिलिका व ॲल्युमिना ही मातीतीलच द्रव्ये प्रामुख्याने असतात. म्हणून मातीचा काही भाग कमी करून तेथे राख घालता येते. मिश्रण साच्यात दाबून, वाळवून सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजतात.

मात्र राखेला चिकटपणा नाही. ती प्रमाणाबाहेर झाली तर कच्ची फरशी हाताळतानाच मोडते. न जळलेला कोळसा राहिला तर फरशी आतून काळी पडते, फुगते. राखेत जड धातूंचे अंशही असतात. भाजताना त्यांतील बरेचसे काचेसारख्या भागात अडकतात. तरीही ते पाण्यात झिरपतात की काय, हे प्रयोगशाळेत तपासलेच पाहिजे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील धातुमळी वापरायची झाल्यास तिलाही हीच कसोटी लावावी लागेल.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला वाटेल, या रसायनाशी आपला काय संबंध? संबंध जमिनीचा आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांना राखेचा वापर बंधनकारक केला. शेतातील वरची सुपीक माती वाचावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती भट्टीत गेली की पुन्हा शेतात येत नाही. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशाला हे नुकसान परवडणारे नाही.