औषध बदलताना अमानतीचे भान

आरोग्य ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. औषध बदलतानाही तिचे भान असावे. मधुमेह व स्थूलतेवरील सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही इंजेक्शने आठवड्यातून एकदा घेतात. ती दोन्ही एकत्र घेऊ नयेत. एकाच्या शेवटच्या मात्रेनंतर सामान्यतः सात दिवसांनी दुसरे सुरू करतात. मिलिग्रॅमचे आकडे परस्पर जुळवू नयेत. सेमाग्लुटाइडचा आरंभ ०.२५ मिलिग्रॅमने, तर टिर्झेपेटाइडचा २.५ मिलिग्रॅमने होतो. पुढील मात्रा डॉक्टरच ठरवितात. सोबत इन्सुलिन असल्यास, विशेषतः रोजात, रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून माहूरहून नांदेडला तपासणीस जाताना जुन्या औषधाची चिठ्ठी व शेवटच्या मात्रेची तारीख अवश्य न्यावी. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण येथेही लागू होते.