कवळी आणि पाल्याचा काटा

घासातला काटा टाळूवर जिभेने घोळवून हुडकण्याची जी उपजत विद्या मत्स्याहारी माणसाच्या अंगी असते, ती वरच्या कवळीने टाळू झाकला गेला की पार निकामी होते, हे मला पाल्याच्या एका तुकडीमुळे कळले. पाला चवीला राजस खरा, परंतु त्याच्या मांसात बारीक, दुफाटी काटे पेरलेले असतात. गिळताना उजवीकडे, जबड्याच्या कोनाखाली टोचले मात्र, आणि घरात दरबार भरला. वहिनींनी सुक्या भाताचा गोळा न चावता गिळण्याचे फर्मान सोडले आणि शेजारच्या आजोबांनी केळ्याची शिफारस केली. भात उतरला, काटा अधिकच रुतला.

डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यात धरून पुढे ओढली आणि श्वासाने धुरकटू नये म्हणून ज्योतीवर किंचित ऊन केलेला लांब दांड्याचा आरसा पडजिभेला टेकवला. (मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ साली याच युक्तीने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले, वैद्यकावर गवयाचे हे ऋण मला भारी आवडते.) जिभेचे मूळ आणि स्वरयंत्रावरचे झाकण यांच्यामधल्या खोबणीत काटा आडवा बसला होता, तो वाकड्या चिमट्याने निघाला.

सबब, ज्यांच्यावर असा प्रसंग गुदरेल त्यांनी टोचणीचा मुक्काम आधी नीट ओळखावा. ती कंठमण्याच्या वर आणि एकाच बाजूला असेल, तर काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतो आणि तज्ज्ञाच्या नजरेस पडतो. त्याखाली किंवा छातीत सलत असेल, तर अन्ननलिकेचा संशय धरून दुर्बिणीची तपासणी करवावी, कारण त्या नळीला खेटूनच महाधमनी जाते आणि तिथे भाताचा गोळा म्हणजे काट्यावर मारलेला हातोडाच. बोटे घालू नयेत. लिंबू-व्हिनेगरने काटा घशातल्या घशात विरघळेल या भरवशावर राहू नये. काटा निघून गेल्यावरही ओरखडा दिवस-दोन दिवस टोचत राहतो, हे खरे. परंतु काटा गेला हा निवाडा आपण करू नये, आणि लाळ गिळवेनाशी झाली, थुंकीत रक्त आले, ताप चढला, मान सुजली वा छातीत दुखू लागले, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

कवळीवाल्यांनी मासा ताटातच बोटांनी चाचपून, भातात न कालवता, वेगळा खावा. वहिनींना हे अजून मान्य नाही.