दमा : दोन पंपांची गोष्ट

आधी एक छोटासा प्रयोग. सरबत पिण्याची नळी ओठांत घट्ट धरा, नाक चिमटीत पकडा आणि अर्धा मिनिट फक्त नळीतून श्वास घ्या व सोडा. जीव घाबरा होऊ लागताच थांबा. (तुमच्यापैकी ज्यांना दमा आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. त्यांना हा अनुभव नळीवाचूनच ठाऊक आहे!)

असे का होते बरे? नळीतून शांतपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे प्वाझेय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट होत नाही, चौपटही नाही. तो सोळा पट होतो. आता लक्षात येईल की श्वासनलिका किंचित अरुंद झाल्या तरी दमेकऱ्याची एवढी तारांबळ का उडते.

श्वासनलिका अरुंद होण्याची कारणे तीन. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतले अस्तर दाहामुळे सुजते, आणि वर चिकट कफ साचतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या रस्त्यावर काय होते ते आठवा. दोन्ही बाजूंनी हातगाड्या पुढे सरकतात, त्यात रस्ता खणून ठेवलेला, आणि मध्ये कचऱ्याचा ढीग. शिपायाने शिटी वाजवली की हातगाड्या मागे हटतात, वाट मोकळी झाल्यासारखी वाटते. पण खणलेला रस्ता आणि कचरा तसाच राहतो.

हा शिपाई म्हणजे बहुधा निळ्या रंगाचा पंप. त्यातले सालब्युटामॉल हे औषध स्नायू सैल करते. पाच मिनिटांत बरे वाटते. चार-सहा तासांत परिणाम ओसरतो. सूज मात्र त्याने कमी होत नाही. सूज कमी करते ते दुसऱ्या पंपातले औषध, श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. याचा गुण हळूहळू येतो, आणि लगेच बरे वाटत नाही म्हणून लोक ते सोडून देतात. निळा पंप तेवढा खिशात राहतो.

निळ्या पंपावर भिस्त ठेवण्यात धोका आहे, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले. १९७६ साली न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाचे, याच जातीचे पण अधिक जोरकस औषध आले, आणि दम्याने होणारे मृत्यू एकदम वाढले. १९८९ मध्ये संशोधकांनी या दोहोंचा संबंध दाखवला. औषधाच्या वापरावर बंधने आली आणि मृत्यू घटले.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, दम्यावरील उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक संघटनेने (स्थापना १९९३) आपली शिफारस बदलली. बारा वर्षांवरील कोणत्याही दमेकऱ्यावर, त्याचा दमा सौम्य असला तरी, केवळ निळ्या पंपाने उपचार करू नयेत. प्रत्येकाला श्वासावाटे स्टिरॉइड मिळालेच पाहिजे. त्यासाठी एक सोयीची युक्तीही सुचवली. फॉर्मोटेरॉल हे औषध सालब्युटामॉलइतकेच चटकन काम सुरू करते आणि सुमारे बारा तास टिकते. ते आणि थोडे स्टिरॉइड एकाच पंपात घालायचे. त्रास झाला की हाच पंप ओढायचा. शिपाई आला की त्याच्याबरोबर रस्ता दुरुस्त करणारा गवंडीही आला! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सौम्य दमा असलेल्यांमध्ये, नुसत्या झटपट पंपाच्या तुलनेत या जोडपंपामुळे तीव्र झटके जवळजवळ दोन-तृतीयांशाने कमी झाले. कोणता पंप, किती वेळा, हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचे.

“पंप नको, त्याची सवय लागते; त्यापेक्षा गोळी सौम्य,” असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात. गणित करून पाहा. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. दोन दाबांत २००. गोळीतले औषध वीस पट आणि ते सगळ्या शरीरात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. मग सौम्य कोण?

पंपाचे औषध नेमके जागी पोचले मात्र पाहिजे. फवारा इतक्या वेगाने सुटतो की बराचसा घशावरच आदळतो. मध्ये एक पोकळ नळकांडे, म्हणजे स्पेसर, ठेवले की वेग मंदावतो आणि औषध खोल जाते. स्पेसर महाग वाटतो? केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले की अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंप घट्ट बसवला, तर ती विकतच्या स्पेसरइतकेच काम देते. (भोक मोठ्यांकडून पाडून घ्या, फट राहता कामा नये.) स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

झटका कशाने येतो, हे ज्याचे त्याने शोधायचे असते. नागपुरात यादी लांबच होते. मोकळ्या जागी माजणारे गाजरगवत, दिवाळीचे फटाके, हिवाळ्यातल्या पहाटेची थंड, जमिनीलगत अडकून बसलेली धुरकट हवा. एप्रिलमध्ये माळ्यावरून उतरवलेला कूलर तर माझ्या मते पहिला संशयित! त्याच्या ओल्या, जुन्या ताट्यांत बुरशी वाढते आणि पंखा ती थेट खोलीत फेकतो. दरवर्षी ताट्या बदला. कोराडी आणि खापरखेड्याला कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आहेत. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात पार खोलवर जातात. आपल्या देशात त्यांची मर्यादा दिवसाच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. हवेच्या अशा प्रश्नांवर संशोधन करणारी ‘नीरी’ ही संस्था १९५८ पासून आपल्या नागपुरातच आहे.

शिक्षकांना एक विनंती. श्वास लागलेल्या मुलाला आडवे निजवू नका. ताठ बसवा, पंप द्या. एका श्वासात पुरते वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसू लागले, किंवा पंपाने आलेला आराम टिकत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. वाटेतही पंप चालू ठेवा. आणि मुलाचा पंप कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात नको. तो त्याच्या दप्तरातच हवा.