परक्या देशातील पहिले विवरणपत्र

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी देश सोडून जाणारा मनुष्य नवे हवामान, नवे अन्न आणि नवी माणसे यांची थोडीफार तयारी मनाशी करून निघतो. प्राप्तिकराची तयारी मात्र फारच थोडे लोक करतात. भारतातील पगारदाराच्या दृष्टीने प्राप्तिकर ही बहुधा कचेरीच्या हिशेब विभागाने पाहावयाची बाब असते. दरमहा पगारातून कर कापला जातो, वर्ष संपल्यावर दीर्घकाळ ‘फॉर्म १६’ या नावाने ओळखले गेलेले प्रमाणपत्र हाती पडते आणि त्यावरून विवरणपत्र भरले की ते काम संपते. परदेशी गेल्यावर हा साधा व्यवहार दुहेरी होतो. देश दोन, कायदे दोन, वर्षेही दोन. आणि दोन्हीकडे आपल्या उत्पन्नाचा जबाब स्वतःच्या सहीने द्यावयाचा असतो. या व्यवहाराची सवय कशी होते, ती होण्यापूर्वी कोणत्या चुका घडतात आणि त्यांची किंमत काय असते, हे भारतातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाणाऱ्या व्यक्तीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

दोन देश, दोन वर्षे

भारतात प्राप्तिकराचा आरंभ १८६० साली जेम्स विल्सन यांच्या अंदाजपत्रकाने झाला. पुढे १८८६, १९२२ आणि १९६१ साली कायदे झाले. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२५ साली संमत होऊन त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. कायदे बदलले तरी १ एप्रिल ते ३१ मार्च ही वर्षाची चौकट कायम राहिली आहे. पगारदाराने विवरणपत्र भरण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैपर्यंत असते.

अमेरिकेत आजचा संघीय प्राप्तिकर राज्यघटनेच्या १९१३ सालच्या सोळाव्या दुरुस्तीवर उभा आहे. पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत तेथे १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, सार्वत्रिक झाली. तेथील करवर्ष १ जानेवारीला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपते आणि विवरणपत्र पुढील १५ एप्रिलपर्यंत द्यावे लागते. म्हणजे भारतातील नवे वर्ष सुरू होऊन पंधरवडा होतो न होतो तोच अमेरिकेतील मागील वर्षाचा हिशेब मिटविण्याचा दिवस येतो. दोन्ही देशांत उत्पन्न असणाऱ्याला जानेवारी ते मार्च हे तीन महिने एका देशाच्या एका वर्षात आणि दुसऱ्या देशाच्या दुसऱ्या वर्षात मोजावे लागतात. यासाठी उत्पन्नाची नोंद वर्षवार न ठेवता महिनावार ठेवणे, ही या नव्या सवयीची पहिली पायरी होय.

निवासी कोण?

कोणत्याही देशाने कर मागण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: ही व्यक्ती आपली निवासी आहे की नाही? निवासी ठरणाऱ्याचे जगभरातील उत्पन्न हिशेबात येते. अनिवासी ठरणाऱ्याचे केवळ त्या देशात उद्भवलेले उत्पन्न येते. येथे ‘निवासी’ या शब्दाचा नागरिकत्वाशी किंवा मनातील घराशी संबंध नाही. बहुतेक वेळा हा दिवसांच्या मोजणीचा प्रश्न असतो. अमेरिका मात्र आपल्या नागरिकांकडून ते कोठेही राहत असले तरी विवरणपत्राची अपेक्षा करते. या बाबतीत ती जगातील बहुसंख्य देशांहून वेगळी आहे.

अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळालेली व्यक्ती निवासी असते. इतरांसाठी दिवस मोजले जातात. चालू वर्षातील सर्व दिवस, त्यामागील वर्षातील दिवसांचा एक-तृतीयांश आणि त्याहीमागील वर्षातील दिवसांचा एक-षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य झाले, तर ती व्यक्ती निवासी ठरते. प्रतिवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १२०, ४० आणि २० मिळून १८० होते व तो अनिवासी राहतो. प्रतिवर्षी १२२ दिवस राहणारा मात्र नेमका १८३ वर पोहोचतो. दोन दिवसांनी माणसाचा करविषयक दर्जा पालटू शकतो तो असा. विद्यार्थ्याच्या परवान्यावर आलेल्यांचे दिवस सामान्यतः पहिली पाच पंचांगवर्षे मोजले जात नाहीत. परंतु त्यांनीही, उत्पन्न असो वा नसो, प्रपत्र ८८४३ भरून तसे कळवावे लागते.

भारतात सर्वसाधारण कसोटी १८२ दिवसांची आहे. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस अशी दुसरीही कसोटी आहे. पण नोकरीसाठी देशाबाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांचीच मर्यादा लागू होते.

पहिल्या वर्षाचे उदाहरण

समजा, एक अभियंता ३१ ऑगस्टला भारत सोडतो आणि १ सप्टेंबरपासून अमेरिकेत एच-१बी परवान्यावर नोकरी करू लागतो. त्याआधी तो तेथे कधीही गेलेला नाही. डिसेंबरअखेर त्याचे अमेरिकेतील दिवस १२२ होतात. १८३ ची बेरीज होत नाही, म्हणून विशेष पर्याय स्वीकारला नाही तर त्या वर्षी तो अमेरिकेत अनिवासी असतो. इकडे १ एप्रिलपासून त्याचे भारतातील दिवस १५३ होतात. म्हणून भारतातही त्या आर्थिक वर्षासाठी तो अनिवासीच ठरतो. परिणामी प्रत्येक देश आपापल्या भूमीवरील कमाईपुरता कर घेतो आणि दोघांची गाठ एकाच रकमेवर पडत नाही.

हाच अभियंता दोन महिने उशिरा, ३१ ऑक्टोबरला, निघाला असता तर भारतातील दिवस २१४ झाले असते. त्या वर्षी तो भारताचा निवासी ठरून नोव्हेंबर ते मार्च या काळातील अमेरिकी पगारही त्याला भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागला असता. त्यावर अमेरिकेत भरलेल्या कराची सूट मिळते. परंतु ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. प्रवासाचे तिकीट काढताना पंचांग पाहणारे अनेक असतात. करवर्षाचे पंचांगही त्या वेळी पाहिले तर पुढील पुष्कळ त्रास वाचतो.

कागदपत्रांची ओळख

नोकरीच्या पहिल्या दिवसांतच मालक डब्ल्यू-४ नावाचे प्रपत्र पुढे करतो. पगारातून किती कर कापावा हे त्यावरून ठरते. ते घाईने भरले तर वर्षभर कपात कमी होऊन अखेरीस मोठी रक्कम एकदम भरावी लागते. वर्ष संपल्यावर ३१ जानेवारीपर्यंत मालकाने डब्ल्यू-२ हे पगार व कपातीचे विवरण द्यावयाचे असते. निवासी व्यक्ती प्रपत्र १०४० भरते. अनिवासी व्यक्ती १०४०-एनआर भरते. या दोहोंतील गोंधळ ही नवागताची नेहमीची चूक होय. अनिवासी व्यक्तीला सर्वसामान्य प्रमाणित वजावट मिळत नाही. मात्र भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना दोन्ही देशांतील करारामुळे ती घेता येते. सोयीचे म्हणून निवासीचे प्रपत्र भरणारा मनुष्य नकळत आपल्या हक्काबाहेरची वजावट घेतो आणि पुढे ती व्याजासह परत करण्याची पाळी त्याच्यावर येते.

पती किंवा पत्नीला सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नसेल तर १९९६ पासून देण्यात येणारा वैयक्तिक करदाता क्रमांक मागता येतो. मुदतीत हिशेब पुरा होत नसेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत वाढ मिळते. परंतु ही वाढ कागद देण्यासाठी असते, पैसे देण्यासाठी नसते. देय कर १५ एप्रिललाच भरावा लागतो. याखेरीज बहुतेक घटकराज्यांचा स्वतंत्र प्राप्तिकर असतो. टेक्सास व फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पगारावर तो नाही. कॅलिफोर्नियात आहे, आणि ते राज्य भारताबरोबरच्या संघीय कराराला बांधलेले नाही.

एकाच उत्पन्नावर दोन कर

दुसऱ्या वर्षापासून तो अभियंता अमेरिकेचा निवासी होतो आणि त्याचे भारतातील व्याज, भाडे व लाभांश हे सर्व अमेरिकी विवरणपत्रात येऊ लागतात. येथे एक गैरसमज विशेष रूढ आहे. अनिवासी भारतीयाच्या ‘एनआरई’ खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असते, म्हणून ते सर्वत्र करमुक्त आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती मुक्ती भारताने दिलेली आहे. अमेरिकेच्या निवासीला ते व्याज तेथे उत्पन्न म्हणून दाखवावेच लागते.

‘एनआरओ’ खात्यावरील व्याजातून भारतीय बँक सामान्यतः ३० टक्के व त्यावरील अधिभार-उपकर कापून घेते. भारत व अमेरिका यांच्यामधील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी होऊन १८ डिसेंबर १९९० पासून अंमलात आला. त्यानुसार अशा व्याजावरील भारतीय कराची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. समजा, व्याज १,००,००० रुपये असून भारतात १५,००० रुपये कर गेला. त्याच व्याजावर अमेरिकेत २२ टक्क्यांनी २२,००० रुपयांइतका कर होत असेल, तर भारतातील १५,००० वजा होऊन तेथे ७,००० भरावे लागतात. अमेरिकेतील दर १२ टक्के असेल तर सूट १२,००० पुरतीच मिळते आणि उरलेले ३,००० पुढील वर्षांत वापरण्यासाठी नोंदून ठेवता येतात.

परंतु बँकेने ३० टक्के कापले आणि खातेदार गप्प राहिला, तर १५ टक्क्यांवरील जादा रकमेची सूट अमेरिका देत नाही. कराराने जो कर भारताला देय नव्हता, त्याचा भार अमेरिकी खजिन्याने का सोसावा, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. ती रक्कम भारतातच विवरणपत्र भरून परत मागावी लागते, किंवा अमेरिकेतील निवासाचे प्रमाणपत्र बँकेला आधीच देऊन कमी दराने कपात करवून घ्यावी लागते.

आईच्या खात्यावरील नाव

कराहूनही अधिक धोका माहिती न देण्यात असतो. १९७० सालच्या बँक गुप्तताविषयक कायद्याच्या आधारे, अमेरिकेच्या निवासीची परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरांपेक्षा अधिक झाली तर त्याने सर्व खात्यांची माहिती स्वतंत्रपणे कळविली पाहिजे. या माहितीवर कर नाही. ती केवळ माहिती आहे. पण ती न देण्याचा दंड भारी आहे.

भारतीय कुटुंबांत वृद्ध आईवडिलांच्या खात्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव घालण्याची रीत आहे. पैसा आईच्या निवृत्तिवेतनाचा असतो; नाव अडीअडचणीसाठी असते. मुलगा परदेशी जातो आणि ते नाव विसरला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो संयुक्त खातेदार असतो आणि ते खातेही त्याला कळवावे लागते. व्याजावरील कर ज्याचा पैसा त्याच्याकडे राहतो. नोंद मात्र दोघांच्या नावे होते.

अज्ञान किती महाग पडू शकते हे अलेक्झांड्रू बिटनर यांच्या प्रकरणावरून दिसले. रुमानियात जन्मलेले हे गृहस्थ १९८२ साली अमेरिकेत आले, १९८७ साली नागरिक झाले आणि १९९० साली व्यवसायासाठी रुमानियात परतले. परदेशी खाती कळवावी लागतात हे आपल्याला २०११ मध्ये परत आल्यावर समजले, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ ते २०११ या पाच वर्षांच्या २७२ खाते-नोंदींसाठी सरकारने प्रत्येकी १०,००० याप्रमाणे २७.२ लक्ष डॉलर दंड मागितला. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार अशा मतांनी निर्णय दिला, की जाणूनबुजून न केलेल्या चुकीचा दंड प्रत्येक खात्यामागे नसून प्रत्येक वार्षिक अहवालामागे आहे. दंड ५०,००० डॉलरांवर आला. रक्कम उतरली, तरी ‘ठाऊक नव्हते’ एवढ्यावर दंडच गेला असे झाले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. जाणूनबुजून लपविल्याचे सिद्ध झाल्यास दंड खात्यातील शिलकेच्या निम्म्यापर्यंत, किंवा त्याहूनही अधिक, जाऊ शकतो.

परतीची वाट

भारतात कायमचे परतणाऱ्यालाही हीच सवय उलट दिशेने लावून घ्यावी लागते. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा मागील सात वर्षांत ७२९ दिवसांहून अधिक भारतात न राहिलेली व्यक्ती काही काळ ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेली’ या मधल्या वर्गात मोडते व तिच्या बहुतांश परदेशी उत्पन्नावर येथे कर लागत नाही. तो काळ सरला की अमेरिकेतील बँकखाते आणि निवृत्तिनिधीचे खातेही भारतीय विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात लिहावे लागते.

दोन्ही दिशांना उपयोगी पडणारी शिस्त साधी आहे. पारपत्रावरील ये-जा तारखांची यादी, प्रत्येक खात्याची वर्षातील सर्वांत मोठी शिल्लक, कापलेल्या कराची प्रमाणपत्रे आणि भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती एका ठिकाणी असल्या म्हणजे निम्मे काम झालेले असते. पहिल्या वर्षी जाणकाराचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही; मात्र सही स्वतःची असल्यामुळे प्रत्येक ओळ समजून घेतल्याखेरीज ती करू नये. आणि घर सोडण्यापूर्वी आईला एक प्रश्न अवश्य विचारावा: कोणकोणत्या खात्यांवर आपले नाव आहे?